ऑक्टोबरच्या उन्हात चालायचं कसं?

अंबाजोगाईच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. वय ४८. जूनपासून रोज संध्याकाळी पाऊण तास झपाझप चालत होत्या, काही त्रास नव्हता. पाऊस उघडला आणि आठवडाभरातच चालताना डोकं दुखायला लागलं, एक-दोनदा चक्कर आली, घरी आल्यावर अंगात त्राण राहत नाही. यजमानांना बीपीची गोळी चालू आहे, तेही सोबत असतात. पुतण्या पोलीस भरतीसाठी पळतो. सासूबाईंचं माहेर सोलापूरचं. तिथल्या मंडळींबरोबर कोजागरीला तुळजापूरला पायी जायचं त्यांनी मनात घेतलंय. शेवटी ताई विचारतात, "आपल्याकडं वाळवंटासारखं हवामान, इथं बाहेर व्यायाम करायचा तरी कसा? सरळ ट्रेडमिल घेऊ का?"

ताई, ट्रेडमिल घेऊ नका. दिवाळीपर्यंत त्यावर टॉवेल वाळत पडतील.

मी लातुरात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करतो आणि सकाळी मैदानावर भरतीच्या पोरांना पळवतो. तुम्ही सांगताय तीच तक्रार दर वर्षी आश्विन लागला की माझ्याकडं येते. मे महिन्यात येत नाही, ऑक्टोबरमध्ये येते. त्यामागं कारण आहे आणि ते कळलं की निम्मा प्रश्न सुटतो.

आधी वाळवंटाचं. मराठवाडा वाळवंट नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला निमकोरडा मुलूख आहे. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला त्याच्या तिसरा हिस्साही पडत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण वाळवंटातल्या व्यायामाचे जे सल्ले मोबाइलवर फिरतात ते हवा कोरडी आहे असं धरून दिलेले असतात. आपल्याकडं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवा कोरडी नसते. मान्सून नुकताच माघारी फिरलेला किंवा फिरत असलेला, काळ्या रानात वीतभर खाली अजून ओल, वर ढगाचा टिपूस नाही. ती ओल दिवसभर वाफ होऊन वर येते. उन्हाचा चटका आणि दमटपणा दोन्ही एकाच वेळी. कोरडी हवा येते ती महिना संपता संपता.

दुसरी आणि मोठी गोष्ट शरीराची. उन्हाची सवय ही कमवावी लागते. रोज थोडं थोडं उन्हात राबलं की दहा-चौदा दिवसांत शरीर बदलतं: घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, नाडी कमी धावते. एप्रिल-मेमध्ये तुम्ही नकळत ही सवय लावून घेतलेली असते. पण ती बँकेतल्या ठेवीसारखी टिकत नाही, उन्हातून बाहेर पडलं की तीन-चार आठवड्यांत बरीचशी उतरते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आभाळ झाकलेलं, पारा २८-३० वर. तुमचं शरीर त्या हवेला मुरलेलं. आणि एके दिवशी आभाळ फाटावं तसं ऊन येतं, पारा ३३-३४. आकडा मे महिन्यापेक्षा कमीच, पण त्याला तोंड देणारं शरीर मे महिन्यातलं नाही. तुमचा वेग पावसाळ्यातला, वेळ पावसाळ्यातली, ऊन मात्र नवं. "वैद्यानां शारदी माता" असं जुन्या लोकांनी उगीच म्हटलेलं नाही. या ऋतूत वैद्यांचं पोट भरतं.

म्हणून चालणं बंद करायचं नाही, पंधरा दिवस पुन्हा शिकायचं. पहिले चार-पाच दिवस वीस-पंचवीस मिनिटं, आणि वेग असा की सोबतच्याशी अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. मग दर दोन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. पंधरवड्यात तुम्ही पाऊण तासावर याल. आधी वेळ वाढवा, झपाझप नंतर. मध्ये तीन-चार दिवस खंड पडला तर दोन पायऱ्या मागून सुरुवात करा.

आता वेळेचं. तुम्ही संध्याकाळी निघता असं लिहिलंय, पण किती वाजता ते नाही. शाळा सुटल्यावर पाच-सव्वापाचला निघत असाल असा माझा अंदाज. जुलैमध्ये ती वेळ ढगाखाली असते. ऑक्टोबरात पाच वाजता ऊन तिरपं होऊन थेट तोंडावर आणि छातीवर येतं, आणि दिवसभर तापलेला सिमेंटचा रस्ता, कंपाउंडच्या भिंती खालून-बाजूनं उष्णता सोडत असतात. गावातल्या गल्लीत सात वाजले तरी भिंतीला हात लावून बघा, कोमट लागते. त्याच वेळी गावाबाहेर, माळावर, हवा केव्हाच उतरलेली असते. निरभ्र आकाशाखाली उघडी जमीन भराभर निवते.

सकाळ त्याहून चांगली. ऑक्टोबरच्या मध्यात तुमच्याकडं सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो. दिवसातला सर्वांत गार वेळ तोच, पारा १९-२० च्या आसपास. सहाला निघून पावणेसातला परत या, ऊन अंगावर येण्याच्या आत काम झालेलं असतं. शाळा सकाळची असेल आणि ते जमत नसेल तर संध्याकाळी सहानंतर, पण गावाबाहेरचा रस्ता आणि हातात बॅटरी. हल्ली सहालाच दिवस मावळतो, नोव्हेंबर संपताना पावणेसहाला. जूनमध्ये सात वाजता जो रस्ता लख्ख दिसायचा त्यावर आता काळोख असतो, आणि साप-विंचू याच वेळी बाहेर पडतात. सोयाबीन निघालं की उंदीर उघड्यावर येतात, त्यांच्यामागं घोणस, नाग. चप्पल नको, पाय पूर्ण झाकणारा बूट हवा, आणि बॅटरीचा उजेड चार पावलं पुढं.

एक अपवाद लक्षात ठेवा. दिवाळीच्या दिवसांत आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते. रात्रीचे फटाके, जाळलेला काडीकचरा, सगळा धूर खालीच. दम्याच्या माणसानं तेव्हा पहाटे पाचचा हट्ट धरू नये, साडेसातला निघावं. ऊन तोवर सोसवण्याजोगं असतं.

पाण्याबद्दल लोक फार बोलतात आणि फार चुकीचं बोलतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

तुमचा टॉवेल अंगणातल्या दोरीवर किती वेळात वाळतो ते बघत जा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तासन्‌तास ओलसर राहतो. त्या दिवसांत घाम अंगावर निथळतो पण उडत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. तुमचं डोकं दुखणं बहुधा याच गटातलं. तेव्हा उपाय पाणी वाढवणं नाही, वेग कमी करणं आहे. महिनाअखेरीला तोच टॉवेल बघता बघता कडक होतो. आता उलटं: घाम सुटता सुटता उडून जातो, अंग कोरडं, आणि माणूस म्हणतो, "मला घामच आला नाही." आलेला असतो. गडद रंगाचा ब्लाउज किंवा टी-शर्ट वाळल्यावर पाठीवर, काखेशेजारी पांढऱ्या रेघा दिसतात ना, ते मीठ. इथं खरं वाळवंटाचं गणित लागू होतं.

किती पाणी गेलं हे मोजायचा साधा उपाय वजनकाटा आहे. चालायला जाण्याआधी लघवीला जाऊन वजन करा, आल्यावर अंग पुसून, घामेजलेले कपडे काढून पुन्हा करा. ६२.४ चं ६१.८ झालं तर सहाशे मिली पाणी गेलं. एक किलो म्हणजे एक लिटर, इतकं सोपं. दोन-तीन वेळा केलंत की तुमचा अंदाज पक्का होतो, मग रोज काट्यावर चढायची गरज नाही. वजनाच्या दोन टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत सव्वा किलोच्या आसपास घट होत असेल तर ते जास्त आहे. पाऊण तासाच्या चालण्यात एवढी होऊ नये. जेवढं गेलं त्याहून थोडं जास्त पुढच्या दोन-तीन तासांत घोट घोट प्या. एका दमात तांब्याभर पाणी ढोसलं तर त्यातलं बरंच लघवीवाटे जातं.

निघण्याआधी एक-दीड पेला पाणी पुरतं. पाऊण तासासाठी बाटली बरोबर घ्यायची गरज नाही, घेतली तर बिघडत नाही. चहाची सवय असेल तर चहा घ्या, पण पाण्याऐवजी नको. मिठाचं म्हणाल तर भाकरी, ठेचा, लोणचं खाणाऱ्या माणसाला एवढ्या चालण्यासाठी वेगळं मीठ लागत नाही. आल्यावर जिरं-मीठ घातलेलं ताक किंवा ज्वारीची आंबील, यापुढं कुठलीही पावडर नको. ओआरएस हे जुलाबाचं आणि लांब पल्ल्याच्या कष्टाचं औषध आहे. लागलंच तर अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाजपंचे पिणारे मी रोज बघतो. दुकानात मिळणाऱ्या गोड डब्या म्हणजे ओआरएस नव्हे.

घट बसले की आणखी एक भर पडते. नऊ दिवस चहा, साबुदाणा, बटाटा, आणि पहाटे अनवाणी देवीला. उपवास करा, योगेश्वरीला पायीही जा, पण तेच तुमचं त्या दिवसाचं चालणं समजा. त्यावर पुन्हा संध्याकाळची पाऊण तासाची फेरी नको. उपवासात पाणी कमी पडतं कारण जेवणातून येणारं पाणी, वरणा-भाजीचं, बंद असतं.

आता यजमानांचं. बीपीची गोळी कोणती ते बघा. गोळीच्या नावाच्या शेवटी 'एच' किंवा 'सीटी' असेल तर बऱ्याचदा त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, ज्याला आपण पाण्याची गोळी म्हणतो. पाणी आणि मीठ आधीच बाहेर जात असतं, त्यात घाम. अशा माणसाला चालताना नाही, थांबल्यावर चक्कर येते: फेरी संपवून कट्ट्यावर बसला, एकदम उठला की डोळ्यांपुढं अंधारी. त्यांनी शेवटची पाच मिनिटं रमतगमत चालावं आणि घरी आल्यावर बीपी मोजून लिहून ठेवावं. खाली येत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडं जावं. गोळी स्वतःच्या मनानं बंद किंवा अर्धी करायची नाही. दुसऱ्या प्रकारची एक गोळी नाडीच वाढू देत नाही, त्यामुळं घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर त्यांनी विसंबू नये. बोलता येतंय का, ही कसोटी त्यांनाही चालते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर खिशात साखरेची पुडी हवीच.

धोक्याची खूण ओळखायला शिका, दोघांनीही. डोकं जड होणं, मळमळ, पोटरीत गोळा, भर उन्हात अंगावर काटा येणं: तिथंच थांबायचं, सावली गाठायची, आडवं होऊन पाय वर, ओला रुमाल मानेवर आणि काखेत. अर्ध्या तासात बरं वाटलं पाहिजे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. मिळेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत चाललेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

चालायला जागा तुमच्याकडं कमी नाहीत. मुकुंदराजांच्या समाधीकडचा रस्ता आहे, झाडी आहे, चढउतार आहे. फक्त पहिल्या पंधरवड्यात चढ हळू घ्या. पांदणीनं जाणार असाल तर एक गोष्ट: काळी माती वरून वाळते तेव्हा पावसाळ्यात उमटलेले बैलांचे खूर, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तशाच दगडासारख्या होतात. त्यात पाय मुरगळलेले पेशंट ऑक्टोबरात हमखास. मुरमाचा रस्ता निवडा. माळावरच्या वाळल्या गवतातून जाल तर कुसळं मोज्यात शिरतात. ती मागं ओढली तर निघत नाहीत, उलटी लव अडकते. मोजा काढून उलटा करा आणि कुसळाचं टोक जिकडं निघालंय तिकडूनच ओढून घ्या. सराट्यांसाठी जाड तळव्याचा बूट, दुसरा उपाय नाही. शेजारच्या रानात मळणी यंत्र चालू असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगानं जा, त्या भुश्शानं आणि गाजरगवताच्या फुलोऱ्यानं नाक-डोळे आठवडाभर चुरचुरतात. कपाशीवर, तुरीवर फवारणीचा वास आला तर सरळ मागं फिरा. आणि डेंगीचा डास नेमका सकाळी आणि दिवस कलताना चावतो, म्हणजे आपल्याच वेळेला. पूर्ण बाह्या, पायघोळ सलवार. ताप असेल त्या दिवशी व्यायाम नाही, अगदी "घाम काढून ताप उतरवतो" म्हणणाऱ्यांसाठीसुद्धा नाही.

पुतण्याशी मात्र मला जरा कडक बोलायचंय. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, आणि त्यासाठी पोरं पहाटे साडेचारला राज्य महामार्गावर पळतात. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि त्यांना ओव्हरटेक करणारा टेम्पो सरळ कडेला येतो. पळायचंच असेल तर उजव्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं. कानात इयरफोन नको, अंगात फिकट रंगाचा शर्ट. त्यापेक्षा शाळेचं मैदान बरं. चारशे मीटर आखून घ्या, चार फेऱ्या होतात.

दुसरं, वजन उतरवायला रेनकोट घालून पळायची जी खुळचट पद्धत पोरांत आहे ती बंद. उतरतं ते पाणी, चरबी नाही. घाम उडायला जागाच न ठेवल्यानं अंगातली उष्णता चढत जाते, आणि तरण्याताठ्या पोराला ऑक्टोबरच्या सकाळीही उष्माघात होऊ शकतो. पोरं मला अविनाश साबळेचा दाखला देतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, गाडी नव्हती म्हणून शाळेत पळत जायचा, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. बरोबर आहे. तो रेनकोट घालून शाळेत जायचा असं मात्र माझ्या वाचनात नाही.

तुमच्या घरची शेती असेल तर एक जोडून सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. गुत्त्यानं सोयाबीन काढणारी बाई एवढं एका दिवसात करते. तिला "चालायला जा" म्हणणं हा विनोद आहे. तिला लागते दुपारी बारा ते तीनची सावली, बांधावर पाण्याची घागर, आणि तासाला पाच मिनिटं कंबर सरळ करायची मुभा.

राहता राहिल्या सासूबाई. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटरच्या आसपास, आणि शेवटी थकल्या पायांनी घाट चढायचा. हजारो लोक जातात, वयस्कर बायाही जातात, तेव्हा नको म्हणणार नाही. पण कोजागरीला अजून तीन आठवडे असतील तर आजपासून तयारी हवी. आज त्या किती चालतात? देवळापर्यंत जाऊन येत असतील तर तिथून सुरू करून रोज थोडं वाढवा, आणि आठवड्यातून एकदा लांबची चाल: पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटर, मग आठ, मग बारा. बारा किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या उठल्या तर निघू द्या. नाही जमलं तर घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडीनं आणि तिथून पायी. देवीला ते चालतं असं मी म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सांगायला लावा.

नवरात्राचे उपवास दसऱ्याला सुटतात आणि पाच दिवसांत पौर्णिमा. ज्यांनी नऊ दिवस कडक उपवास केलाय त्या अंगात काही शिल्लक नसताना चालायला निघतात, रस्त्यात पडणाऱ्या त्याच. सासूबाईंना ते पाच दिवस दोन्ही वेळा पोटभर जेवू द्या. चालायचं संध्याकाळी पाचनंतर आणि रात्री. चांदणं असतंच, गर्दी असते, रस्ता बहुतेक वाहनांसाठी बंद केलेला असतो. दुपारी अकरा ते चार कुठल्या तरी मांडवात आडवं व्हायचं. एवढ्या लांबच्या चालीत मात्र ओआरएसची दोन-तीन पाकिटं जवळ हवीत. नुसतं पाणी पीत राहिलं आणि मीठ गेलंच नाही तर तेही अंगावर येतं.

अनवाणी जायचा नवस असेल तर साखर तपासा. मधुमेह असेल आणि तळव्याला कमी कळत असेल तर अनवाणी चालायला मी स्पष्ट नाही म्हणतो. तापलेल्या डांबरानं आलेला फोड त्यांना दुसऱ्या दिवशी दिसतो आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. साखर नसेल तर रात्रीच, डांबर निवल्यावर, आणि फक्त घाटापासून वर. बाकी रस्ता वापरून मऊ झालेल्या बुटात, नवा बूट अजिबात नको. टाचेला, अंगठ्याला आधीच कापडी चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर फोडायचा नाही, वर पट्टी लावून चालायचं. पोचल्यावर दोन्ही तळवे उजेडात नीट बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. परतीचा प्रवास एसटीनं.